दुसरी किल्ली

दुपारचा खेळ सुटला आणि थिएटरच्या पायऱ्यांवरच लोकांनी सिनेमाचा निकाल लावायला घेतला. बँक लुटणारा चोर सगळ्यांना आवडला होता. "एकट्याने तिजोरी उघडली, काय डोकं आहे!" एक गृहस्थ म्हणाले. त्यांच्या बायकोला पोलीस फारच बावळट वाटले. माझ्या शेजारी गायकवाड मात्र कठडा धरून एकेक पायरी उतरत होते.

आम्ही दोघे एकाच बँकेतून निवृत्त झालो. आमच्या शाखेच्या तिजोरीला दोन किल्ल्या होत्या. एक माझ्याकडे असायची, एक त्यांच्याकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार उघडायचं नाही. आमचं तसं कधी जमलं नाही. एकदा तर रजेच्या अर्जावरून वर्षभर अबोला होता. तरी रोज सकाळी त्या लोखंडी दारासमोर आम्ही खांद्याला खांदा लावून उभे राहायचो. त्यांना उशीर झाला तर मी चरफडत थांबायचो, मला झाला तर ते. याला विश्वास म्हणायचं की नुसती सवय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सिनेमाला मात्र का कोण जाणे, बरोबरच जातो.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"खोटा," गायकवाड म्हणाले. मग सावकाश चष्मा पुसत पुढे म्हणाले, "बिचारा चोर हो. एवढं दार उघडलं, आणि शेजारी कोणी नाही."