पुसलेला सोलो

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू येतं. पुण्यात मी साउंड इंजिनीअर होते. टेपवर जे भरलंय तेच वाजतं, एवढंच मला माहीत. तरीही हे लिहितेय...

मार्च २०२१, आयर्लंडमधलं नावन गाव. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले आणि घरीच जुन्या टेप कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला लागले. शेजारचे टॉम एक टेप घेऊन आले. त्यांच्या तरुणपणीच्या बँडचं हार्ड रॉक गाणं, इथल्या लग्नांत अजूनही वाजतं. बंद पडलेल्या डेअरीत, कडाक्याच्या थंडीत अंगावर कोट चढवून रेकॉर्ड केलेलं! गिटारचा आवाज घुमावा म्हणून अ‍ॅम्प दुधाच्या खोलीत ठेवला होता म्हणे. काय डोकं चालवलंय पोरांनी! आणि मधला गिटार सोलो... ऐकताना अजून काटा येतो.

"तो सोलो आधी शॉनने वाजवला होता, माझ्या भावाने," टॉम म्हणाले. "आमचं भांडण झालं. मी त्याचा पुसला आणि त्यावर माझा भरला. तो इंग्लंडला गेला, तिकडेच वारला. आम्ही पुन्हा बोललो नाही. सोमवारी माझं हार्टचं ऑपरेशन आहे. त्याचं थोडं तरी उरलंय का, बघशील?"

पुसलेलं उरत नाही, हे मला तोंडावर सांगवेना.

जुनी टेप चिकट होते, वाजवण्याआधी मंद उष्णतेत तापवावी लागते. इथे सांडगे वाळवायला ऊन कुठलं, म्हणून घेतलेल्या डिहायड्रेटरमध्ये मी ती रात्रभर ठेवली. टेपला हिंगाचा वास लागला, त्याला नाइलाज!

दुसऱ्या दिवशी दुपारी टेप लावली. कोविडमुळे टॉम बाहेर अंगणात, खिडकी उघडी. सोलोची जागा आली – आणि भलतंच काही वाजलं. संथ, आर्त, फार सुंदर. कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग चालू होतं, आवाजाचे मीटर हलत होते. नवरा चहा घेऊन दारातच थबकला. टॉमनी खिडकीची चौकट घट्ट धरली होती.

"शॉन," ते एवढंच म्हणाले.

मी लगेच कॉम्प्युटरवर उतरलेली फाइल लावली. त्यात टॉमचाच सोलो! टेप पुन्हा चालवली, तरी टॉमचाच. पुसताना थोडं उरलं असेल म्हणावं, तर वरचा सोलो पहिल्या वेळी गेला कुठे?

टॉम घरी गेले आणि गिटार घेऊन परत आले. "विसरायच्या आत रेकॉर्ड कर. नाव शॉनचं घाल."

अंगणातच बसून ते वाजवू लागले. निम्म्यात ते अडले, डोळे भरून आले. "पुढचं आठवत नाही गं..."

मला आठवत होतं. खिडकीशी जाऊन मी गुणगुणत गेले, एकेक ओळ, आणि ते मागोमाग वाजवत गेले.

त्या दुपारी टेपवर तो कसा वाजला, ते मला आजही सांगता येत नाही. पण शॉनचा सोलो आता पूर्ण आहे.