बेबाबाईंनी हात लावला नाही

विस्तव सोडून जायचं नाही, तो पूर्ण विझवायचा, हे मी स्काउटच्या पोरांना कित्येक वर्षं शिकवत आलो आहे. त्या दिवशी मी ते करूनही दाखवलं. शिबिरात गाइडच्या मोगरा संघाच्या जागेवर राखेचा एक ढीग धुमसत पडला होता. आसपास कोणी नव्हतं, मे महिन्यातला गरम वारा सुटला होता आणि पलीकडे सातपुड्याचं वाळलेलं रान. मी शेजारची भरलेली बादली उचलली आणि अख्खी त्या ढिगावर रिकामी केली. फुस्स करून राखेचा असा लोट उठला की माझी टोपी, चष्मा आणि छातीवरचे सगळे बिल्ले एकाच रंगाचे झाले. चष्मा पुसून पाहतो तर समोर सहा मुली उभ्या. कांदे फोडायला दगड आणायला गेल्या होत्या, त्या दगड घेऊन आल्या होत्या. त्यांच्या हातात दगड होते हे मला जरा उशिराच जाणवलं.

"सर," त्यांची संघनायिका कामिनी म्हणाली, "त्याच्यात आमच्या बट्ट्या होत्या."

आता माझीही बाजू ऐका. मी दोंडाईच्याचा. आमच्या घरी बट्टी आधी वाफवतात, मग कापून तेलात तळतात. शेतातल्या पार्टीला गोवऱ्यांच्या राखेत भाजलेल्या बट्ट्या मी भरपूर खाल्ल्या आहेत, पण त्या कुठून येतात हे पाहायची वेळ कधी आली नाही. मी आयुष्यभर पान मांडल्यावरच पोचत आलो आहे.

त्या दिवशी मुलींची परीक्षा होती, बिनभांड्यांच्या स्वयंपाकाची. भांडं नाही, तवा नाही, परात नाही. पीठ केळीच्या पानावर मळायचं आणि रांधायचं विस्तवावर किंवा राखेत. मोठ्या माणसानं हात लावला की संघ बाद. परीक्षक होत्या धुळ्याच्या कोकिळा मॅडम. त्यांच्यासमोर पोरंच काय, मीसुद्धा शर्टाची वरची गुंडी लावून उभा राहत असे. आणि कामिनी नववीत गेलेली. पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे शिबिरं बंद. राज्य पुरस्काराचा बिल्ला मिळायचा तर याच शिबिरात, नाहीतर नाही. ते सगळं मी एका बादलीत विझवलं होतं.

तेवढ्यात माझं लक्ष चिंचेच्या झाडाकडे गेलं. झाडाखाली कामिनीची आई, बेबाबाई, बसली होती. तिनं सगळं पाहिलं होतं. असोद्याची बाई, बट्टीच्या राखेत जन्म गेलेला, पोरीचा बिल्ला जातोय, आणि ती उठली नाही. उलट तिनं आपले दोन्ही हात मांड्यांखाली सारले आणि त्यांच्यावर नीट बसली.

या बसण्याचं मला जे कुतूहल लागलं ते शिबिर संपेपर्यंत सुटलं नाही.

बेबाबाई म्हणजे कोणी पदाधिकारी वगैरे नव्हेत. असोद्याला त्यांची केळी आहे, थोडा कापूस आहे, नवरा जितेंद्र शेतात, सासरे उखर्डू आबा ओट्यावर आणि कामिनी जळगावच्या आमच्या शाळेत. घरात सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या नंतर आडवी होणारी जी एक व्यक्ती असते, ती त्या. बेबाबाई जेवल्या का, हे विचारायची त्या घरात पद्धत नाही. भांडी घासायला निघाल्या म्हणजे जेवल्या, असं समजायचं. कामिनी चुलीजवळ आली की तिला मात्र पुस्तक दाखवून हाकलायच्या. त्यामुळे पोरीला बीजगणित येत होतं आणि कणीक मळता येत नव्हती.

कामिनी गाइडमध्ये गेली आणि तिच्याबरोबर बेबाबाईही गेल्या, म्हणजे घरबसल्या. पोरीनं गाठ शिकून यावी आणि आईनं ती म्हशीला बांधून पाहावी. एकदा अशी काही गाठ बसली की संध्याकाळी म्हैस पाण्यावर न्यायला आबांना कामिनीची बस येईपर्यंत थांबावं लागलं. म्हैस आणि आबा दोघेही फाट्याकडे बघत उभे होते, असं शेजारी सांगतात. प्रथमोपचाराच्या वेळी कामिनीनं आईचा हात मोडला, म्हणजे मोडला असं धरलं, आणि त्रिकोणी पट्टीत गळ्याला अडकवला. तेवढ्यात दळण आणायची वेळ झाली. बेबाबाई तशाच गिरणीवर गेल्या. चौकश्या सुरू झाल्या, आणि दिवेलागणीपर्यंत माहेरचा भाऊ मोटरसायकलवरून बिस्किटांचे पुडे घेऊन हजर. हात मोडलेला नाही हे बेबाबाईंनी त्याला सांगितलं, पण पुडा फोडून झाल्यावर.

आमच्या गाइडच्या बाई त्या वर्षी बाळंतपणाच्या रजेवर होत्या. मुलींबरोबर एक तरी बाई असल्याशिवाय मुलींना शिबिराला नेता येत नाही. मी पालकांची घरं पालथी घातली. मे महिना. कोणाच्या घरी लग्न, कोणाच्या गच्चीवर कुरडया, बिबडे आणि पापड. शेवटी असोद्याला गेलो. बेबाबाईंच्या अंगणात खाटेवर बिबडे वाळत होते आणि त्या कावळे हाकत होत्या. मी सगळं सांगितलं. सेवा, शिस्त, निसर्ग यांवरही थोडं बोललो. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. पहिली संडासाबद्दल होती. दुसरी अशी:

"अन् सैपाक कोन करतं तठी?"

म्हटलं, आचारी आहे. एक दिवस परीक्षेचा, त्या दिवशी मुली करतात, आणि त्यात मोठ्यांनी हात लावायचा नाही. लावला तर मुली बाद.

"मंग येते," त्या म्हणाल्या आणि कावळा हाकायची काठी सासऱ्यांच्या हातात दिली.

पोरीच्या खाण्यापिण्याची काळजी, असा मी अर्थ लावला. आईचं काळीज वगैरे.

शिबिर सातपुड्यातल्या पाल गावाच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी होतं. कडुनिंबांनी भरलेलं मैदान, कडेला ही एक चिंच, तंबू आणि झळा. बेबाबाईंना कामिनीच्या संघात झोपायला जागा दिली, त्यामुळे हुकूम पोरीचा आणि पाळणार आई. सकाळी कामिनी शिट्टी वाजवून "आई, अंथरूण सरळ" म्हणायची आणि बेबाबाई सरळ करायच्या. घरी हीच पोर दहा हाका मारल्यावर उठते, हे त्या आजूबाजूच्या मुलींना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात सांगायच्या. झेंडा असाच का गुंडाळतात, तंबूची खुंटी तिरपीच का ठोकायची, डाव्या हातानंच हस्तांदोलन का, सगळं विचारायच्या. उत्तर पटलं नाही तर माझ्याकडे बघायच्या, आणि ते बघणं मला पुरायचं.

पहिल्याच दिवशी आचाऱ्याची मदतनीस आली नाही. एवढ्या पोरांच्या पोळ्या कोण लाटणार? मी सहज म्हणालो, "बेबाबाई, जरा बघता का?" त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, पदर खोचला आणि गेल्या. ते 'जरा' परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत चाललं. मुली डोंगर चढायला गेल्या तेव्हा बेबाबाई पोळ्या लाटत होत्या. मुली कंपासनं उत्तर दिशा शोधत होत्या तेव्हा बेबाबाई भेंडी चिरत होत्या. झेंडावंदनाला मी त्यांचं जाहीर कौतुक केलं, बेबाबाई म्हणजे आपल्या शिबिराची अन्नपूर्णा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बेबाबाईंनी वाजवल्या नाहीत. विनय, असं मी मनात म्हटलं.

परीक्षेच्या सकाळी कामिनीनं आईला चिंचेखाली बसवलं आणि बजावलं. हात लावायचा नाही, बोलायचं नाही, डोळ्यांनीसुद्धा सांगायचं नाही. आईनं गाइडची तीन बोटं वर करून कबूल केलं.

आणि मग माझी बादली.

मी कोकिळा मॅडमकडे गेलो आणि सांगितलं की चूक माझी, पोरींना बाद करू नका. त्यांनी माझ्या अवताराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, "मोठ्या माणसाचा हात लागला तर बाद, असा नियम आहे. बादलीबद्दल काही लिहिलेलं नाही." वेळ मात्र वाढवून देणार नाही म्हणाल्या. शिट्टी झाली की पानं मांडलेली पाहिजेत.

परत आलो तेव्हा मुली कामाला लागल्या होत्या. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही, ते बरंच झालं. पीठ थोडं उरलं होतं, पण राखेचा चिखल झालेला आणि नवीन गोवऱ्यांची राख पडायला वेळ कुठला? वांगी भाजायला आता कापसाच्या काड्यांचा जाळ पेटवला होता, तेवढाच आधार होता. कामिनीनं डोकं चालवलं. कणकेच्या लांब वळ्या करायच्या, ओल्या काड्यांना गुंडाळायच्या आणि निखाऱ्यावर धरून फिरवत भाजायच्या. कल्पना झकास. मी मनात शाबासकी दिली. मग दोघी काड्या तोडायला पळाल्या आणि जवळ जे झाड होतं त्याच्या घेऊन आल्या.

चिंचेखाली बेबाबाईंचं तोंड उघडलं आणि परत मिटलं.

मला तेव्हा कळलं नाही. मी त्यांच्या जवळ जाऊन बसलो आणि हळूच विचारलं, कणीक फार सैल मळली आहे का? त्यांनी नकाराची मान हलवली. मग काय? त्यांनी हनुवटीनं मैदानाकडे दाखवलं. मैदानभर कडुनिंब. ओल्या कडुनिंबाच्या काडीला गुंडाळून बट्टी भाजली तर ती कशी लागेल, हे सांगायला आचारी लागत नाही. मला तोंड उघडायची सोय नव्हती, बादलीनंतर मॅडमची नजर माझ्यावरच होती. म्हटलं, अहो, मग सांगा की. हात नाही लावायचा ना, नुसतं तोंडानं एक शब्द. चिंचेची काडी घ्या म्हणा. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि हातांवर आणखी जोर देऊन बसल्या. पोरीचा बिल्ला जातोय म्हटलं. त्या पोरीकडेच बघत होत्या. वारा जाळ इकडेतिकडे करत होता, कामिनीच्या कपाळावरून घाम कणकेत पडत होता, एक वळी काडीवरून सुटून निखाऱ्यात पडली, आणि ही माउली जागची हलेना. असा निग्रह मी बाईमाणसातच काय, मुख्याध्यापकांतही पाहिला नव्हता.

शिट्टी झाली. केळीची पानं मांडली गेली. पानावर वांग्याचं भरीत, फोडलेला कांदा, मिरची आणि त्या बट्ट्या. एका बाजूनं काळ्या, दुसऱ्या बाजूनं पांढऱ्या, मधे आरपार भोक.

कोकिळा मॅडमनी एक तुकडा मोडला, भरिताला लावला, खाल्ला. चेहरा हलला नाही. पाणी प्यायल्या. मग विचारलं, "कडू का लागतंय?"

कामिनीनं काडी हुंगली. तिचा चेहरा पडला. "काडी चुकली, मॅडम. कडुनिंबाची घेतली."

"आणि राखेतल्या बट्ट्या?"

मी मान खाली घातली. माझं नाव येणार होतं आणि यायलाच हवं होतं.

"विस्तवावर पाणी पडलं," कामिनी म्हणाली. "म्हणून परत केल्या."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, पोरींकडे पाहिलं, आणि उरलेला तुकडा संपवला. भरीत चांगलं आहे, बट्टी औषधी आहे, पण वेळेत सगळ्यांचं पान भरलं, असं म्हणाल्या आणि संघ पास केला. मुलींनी जो आरडाओरडा केला त्यानं झाडावरचे कावळे उठले.

मग पंगत बसली. पहिल्या रांगेत, मधोमध, मांडी घालून, बेबाबाई. हात आता मोकळे झाले होते. त्यांनी सावकाश एक बट्टी खाल्ली, मग दुसरी. आम्ही बाकीचे पाण्याच्या घोटाबरोबर तुकडे ढकलत होतो आणि त्या बोटं चाटत होत्या. पाणी हवं झालं तेव्हा उठल्या नाहीत, कामिनीला हाक मारली. तिनं आणून दिलं. "अजून एक वाढ," म्हणाल्या. कामिनीनं वाढली. जेवण झाल्यावर पान तिथंच सोडून चिंचेला पाठ टेकून डोळे मिटले, आणि ते पान कामिनीनं उचललं.

समारोपाला मी भाषण केलं. विषय अर्थातच बेबाबाई. मुलांना चुकू द्यावं, पडू द्यावं, समोर उपाय माहीत असताना गप्प राहावं, हे आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणात शिकवतात आणि आम्हाला जमत नाही. ते असोद्याच्या एका माउलीनं करून दाखवलं. संयम म्हणालो, त्याग म्हणालो, बराच वेळ बोललो. बेबाबाई पुढच्याच रांगेत होत्या. अधूनमधून जांभई देत होत्या.

परतीच्या बसमध्ये, फैजपूर मागे पडल्यावर, मी त्यांच्या पुढच्या बाकावर जाऊन बसलो. कामिनी आईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. राहवेना. विचारलं, बेबाबाई, खरं सांगा, पोरगी नापास होत होती, एका शब्दाचं काम होतं, तुमच्या मनात तेव्हा नेमकं काय चाललं होतं? माझ्या भाषणात काही राहून गेलं असेल तर तेवढं कळावं, एवढाच हेतू.

त्यांनी कामिनीचं डोकं खांद्यावर जरा नीट केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, लग्न झाल्यापासून पह्यल्यांदा आयतं भेटत व्हतं, त्याच्यात मी हात कायले घालू?"