तांडेलांचं ओलं टक्कल

किनाऱ्यावरची बैठी घरं पाडून तिथे इमारती उठल्या आणि जन्मभर होडी हाकलेले तांडेल पाचव्या मजल्यावर येऊन पडले. होडी मुलाकडे गेली. तांडेलांकडे उरलं फक्त टक्कल.

पण ते साधंसुधं टक्कल नव्हतं. ते ओलं करून वाऱ्यात उभं राहायचं. जी बाजू आधी गार पडेल तिकडून वारा, आणि गार न पडता गरमच लागलं तर तुफान! त्यांच्या वडिलांना भरघोस केस, म्हणून ते नुसतं बोट ओलं करत. "एवढ्याशा बोटाला काय कळणार, बिचारे!" असं तांडेल फार मायेने म्हणत.

रोज संध्याकाळी धक्क्यावरून मुलाचा फोन यायचा, "बाबा, उद्या जाऊ का?" मग तांडेल स्वयंपाकघरातल्या नळाखाली डोकं धरत, खिडकीशी उभे राहत आणि निकाल देत. या एका फोनसाठी ते सकाळपासून दाढी करून तयार असत.

एके दिवशी टक्कल गार पडेचना. उलट गरम झोत आला आणि डोकं क्षणात कोरडं ठक्क.

"अजिबात जाऊ नकोस! असला वारा मी उभ्या जन्मात पाहिला नाही."

दुसऱ्या दिवशी मुलगा थांबला. त्याचं बघून अख्खा धक्का थांबला. आणि समुद्र? परातीतल्या पाण्यासारखा निपचित. धक्क्यावर लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले.

त्या संध्याकाळी फोन आलाच नाही. तांडेल ओलं डोकं घेऊन ताटकळत बसले.

"आता तो मोबाईलमध्ये हवामान बघणार," ते बायकोला म्हणाले. "मोबाईलला टक्कल तरी आहे का?"

बायको चादरीची घडी घालत होती. "ते काही असो, पण कालपासून तुमच्या त्या खिडकीत चादरी कशा खडखडीत वाळतात हो! पलीकडच्या खिडकीतल्या अजून ओल्याच आहेत."

तांडेल ताडकन उठून खिडकीतून वाकले. बरोबर खाली शेजाऱ्यांच्या नव्या एसीचं धूड घरघरत गरम हवा वर सोडत होतं.

"अगं, हे बघ माझं तुफान!"

"अगंबाई! याला घाबरून सगळे घरी बसले?"

"हसू नकोस. तांब्या घे आणि गच्चीवर चल."

पाण्याच्या टाकीशेजारी बायकोने त्यांच्या डोक्यावर तांब्या रिकामा केला. डावा कान गारठला. तांडेलांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून फोन लावला.

"उद्या जा. कालचं तुफान शेजाऱ्यांच्या एसीचं होतं. खरा वारा जमिनीकडून आहे, छान मऊ आहे."



"बाबा, आधी सांगा, उभे कुठे आहात?"

"गच्चीवर."

"नक्की?"

"आईला विचार!"

बायकोने फोन ओढून घेतला. "गच्चीवरच आहोत रे. भिजलेल्या बोक्यासारखे दिसतायत."

मुलगा खळखळून हसला. "मग जातो. बाबांना सांग, उद्या याच वेळेला फोन करतो."

बायको पदराने त्यांचं डोकं पुसायला गेली, तसे तांडेल मागे सरकले.

"थांब गं, लगेहाथ परवाचंही बघून घेतो."