कुंकू लागलेल्या नोटा

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेसची नावंगावं विसरलो, पण ती घटना अजून पाठ सोडत नाही. मी तेव्हा मीरा रोडच्या एका पोलीस ठाण्यात होतो.

पेणकरपाड्यात रत्नागिरीकडच्या एका गावचे बरेच चाकरमानी राहतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना मोतीबिंदूने दिसेनासं झालं होतं. त्यांची ऑपरेशनं करायची म्हणून इथल्या मंडळाने नमनाचा, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याचा, खेळ लावला. गणपतीच्या आरतीचं ताट प्रेक्षकांत फिरलं, लोकांनी दहा-वीसच्या नोटा टाकल्या. पैसे खजिनदाराच्या घरी कपाटात ठेवले आणि आठवड्यात गायब झाले. कुलूप मात्र शाबूत.

खजिनदार भाईंदरला भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवाला. गुन्हा दाखल करून त्याला चौकशीला बसवला. कितीही विचारा, एकच उत्तर. "साहेब, माझ्याकडनं गेले. काय करायचं ते मला करा." हो म्हणेना, नाही म्हणेना. हवालदार वैतागला, "अरे बाबा, मूग गिळून काय बसलायस? बोल की!"

आमचा तपास चालू होता, तोवर गावकीने बैठक घेऊन निकालही देऊन टाकला. त्याचं घर वाळीत. मंडळाने पुन्हा वर्गणी काढली, म्हाताऱ्यांना गाडीत बसवून तालुक्याला नेलं. गावी एकटी राहणारी त्याची आई तेवढी मागे ठेवली. तिने काय कुणाचं घोडं मारलं होतं?

मग खबर आली. ओळखीचा एक रिक्षावाला म्हणाला, "साब, खाडी के बाजू में पत्ते का अड्डा है. एक आदमी रोज दस-बीस की गड्डी लेके आता है." आम्ही धाड घातली. त्या माणसाच्या खिशातल्या नोटांना कुंकू लागलेलं होतं. आरतीच्या ताटातलंच ते! माणूस निघाला खजिनदाराचा सख्खा मेहुणा. बहिणीकडे जेवायला आला असताना किल्ली काढली, हे त्याने एका दमात कबूल केलं.

"तुला ठाऊक होतं?" मी खजिनदाराला विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. पण बायकोच्या भावाचं नाव मी कसं घेणार, साहेब? तिला माहेर राहिलं असतं का?"

मंडळाच्या अध्यक्षाला बोलावून मी असा झाडला की विचारू नका. वाळीत टाकणं गुन्हा आहे, हे त्यांना तेव्हा आठवलं. माफी मागून त्यांनी म्हातारीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मान हलवली. मोतीबिंदू पिकून डोळ्यांतलं प्रेशर वाढलं होतं, आतली नस गेली होती. गाडीतून बाकीच्यांबरोबर आली असती तर दिसलं असतं, असं ते म्हणाले.

पुढे ती म्हातारी सुनेचा हात धरून पोलीस ठाण्यात आली. मला वाटलं, शिव्या घालेल. ती म्हणाली, "सायेब, त्या पोराला सोडा की. सुनेचा भाव हाय." आता ते कोर्टाच्या हातात आहे, एवढंच मी सांगू शकलो.

त्यानंतर नोकरीभर, गप्प बसणाऱ्या माणसाला मी चोरीबद्दल नंतर विचारायचो. आधी विचारायचो, कुणाला पाठीशी घालतोयस? पुष्कळांना रडू फुटायचं.

या केसच्या शेवटी कागदावर मी लिहिलं, 'गुन्हा उघडकीस, मुद्देमाल हस्तगत.' त्या बाईचे डोळे कुठल्या रकान्यात लिहायचे, ते मला आजही कळलेलं नाही.