न निघणारा पांढरा डाग

तो क्षार नाहीच, हे मी शांताकाकूंना दिवाळीत सांगितलं, फोनवर सांगितलं, आणि आता त्यांच्या साठीनिमित्त गावचं मंडळ काढतंय त्या अंकातही सांगतो. गौरवाच्या लेखात भांडण आणू नये, एवढं मला कळतं. पण काकू ऐकत नाहीत, म्हणून तुम्हा सगळ्यांसमोर बोलतो.

केळापूरकडच्या आमच्या गावात रोशा गवताचं तेल काढायची भट्टी काकू चालवतात. सातवीत शाळा सोडून मी रिकामा हिंडत होतो, तेव्हा त्यांनी हाक मारली. "ए, कायले चप्पल झिजवून राह्यला? ये, गवत भर." ही आमची पहिली ओळख. बॉयलर पेटवणं, वाफ सोडणं, सगळं त्यांनीच शिकवलं. आज मी सुरतेकडे कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर आहे, तो त्यांच्यामुळेच.

बॉयलरमध्ये पाणी किती, हे दाखवणाऱ्या काचेच्या नळीसमोर काकू दुसऱ्या कुणाला उभं राहू देत नाहीत. गवत आणणाऱ्या बाया जवळ आल्या की ओरडतात, "मांगं सरका वं, लेकराबाळाच्या बाया तुम्ही!" आणि स्वतः नळीला नाक लावून पाणी बघतात. त्यांच्या या मोठेपणाचाच मला घोर लागला आहे.

कारण ती नळी आतून धुरकट झाली आहे. आपल्याकडे हंडा पांढरा, गिलास पांढरा, म्हणून काकूंना तोही पाण्याचा क्षार वाटतो. दिवाळीत भट्टी बंद होती, तर त्या नळी काढून निंबू लावून घासत बसल्या होत्या.

"काकू, हंड्याचा निघते, मंग याचा काहून नाही निघून राह्यला?"

"निघन. तुयासारखाच हट्टी हाय तो."

"काचच खराब झाली, काकू. बदला."

"सुरतेले गेला अन् लय शायना झाला!"

आमच्या कारखान्यात अशीच नळी फुटली. समोरच्या माणसाच्या गालावर अजून व्रण आहेत. फोरमननं तुकडा माझ्या हातात दिला, वरच्या टोकाला काच अगदी पातळ. ही बोरोसिलिकेट काच तापून सहसा तडकत नाही, पण कढत पाणी आणि वाफ तिला हळूहळू खातात. वरच्या भागात वाफ निवते, तिचे थेंब आतून ओघळतात आणि त्याच वाटेनं काच झिजत जाते. काचेवर काही बसलेलंच नसतं, मग घासून निघणार काय?

शांताकाकूंना पुष्कळ आयुष्य मिळो, आणि त्यांचे डोळे शेवटपर्यंत शाबूत राहोत. मंडळाला हात जोडून विनंती, हा लेख छापायच्या आधी नळी बदला. पैसे मात्र काकूंच्या हाती देऊ नका, त्या गवत कापणाऱ्या बायांना गमबूट आणतील. नवी नळी, तिचे वॉशर आणि समोर लावायचं जाड काचेचं आवरण, यासाठी दोन हजार आठशे रुपये पाठवतो आहे.