तिसऱ्या कुंडीतला लाल गोळा

इरा, अर्णव — तुमच्या आजीने चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि पुराव्याशिवाय कुणाला भुताचा निबंधही लिहू दिला नाही. आपल्या दाराला लिंबू-मिरची कधी लागली नाही. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहिते, घाई न करता.

स्थळ — जालन्याचं घर, गच्ची, पूर्वेचा कठडा. गच्चीच्या कुलपाची किल्ली एकच, ती माझ्या कमरेला.

इरा, परदेशी जाताना तू मला एक कुंडी सोपवलीस. हिरव्या खुंटावर कलम केलेला निवडुंगाचा लाल गोळा, एका बाजूला पिवळा पट्टा. "आजी, याला मरू देऊ नकोस." मी हो म्हटलं. त्या गोळ्यात हिरवा रंग नसतो, त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. खुंट गेला की तोही गेला... आणि गेल्या पावसाळ्यात खुंट मऊ पडू लागला.

नव्या खुंटासाठी मी शहागडकडच्या मळ्यातून ड्रॅगनफ्रूटच्या (तोही निवडुंगच) तीन फांद्या आणल्या, तीन कुंड्यांत लावल्या आणि कुंड्यांवर पांढऱ्या रंगाने १, २, ३ घातले. मुळं धरल्यावर रखमाजींना बोलावलं. त्यांचा जन्म मोसंबीच्या कलमांत गेला, त्यांची मुलं माझ्याकडे शिकली. त्यांनी एक नंबरवर गोळा बसवला, मोसंबीसारखीच प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली. मीही मोसंबीसारखंच सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. पाचव्या दिवशी कुजल्याचा वास आला.

"बाई, हात तर बराबर चालला व्हता."

"हात मोसंबीचा होता, रखमाजी. आणि पाण्याची अक्कल माझी."

"मंग द्या फेकून. काट्याला काय जीव लावून राह्यल्या?"

फेकलं नाही. काळा पडलेला गोळा वाळवून कापराच्या डबीत ठेवला. एक नंबरचा कुजका भाग कापला आणि तिन्ही खुंट वाढवत राहिले, आता कोरडे ठेवून. दर रविवारी फोनवर तू विचारायचीस, "लाल कसा आहे?" मी म्हणायचे, "बरा आहे." तुमच्याशी मी बोललेलं तेवढंच खोटं. प्रत्येक रविवारी ते जड होत गेलं.

मग मे महिन्यातली एक सकाळ. तीन नंबरच्या शेंड्यावर, काट्यांच्या झुपक्यात, ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी लाल. वाटलं कीड असेल. आठवड्यात ते हरभऱ्याएवढं झालं, महिन्यात बोराएवढं. एका बाजूला पिवळा पट्टा.

तीन नंबरला सुरी कधी लागलीच नव्हती.

रखमाजी चष्मा पुसून वाकले. बोटाने चाचपलं, भिंगाने पाहिलं. कापल्याची खूण नाही, सांधा नाही.

"बाई, हे कुणी बांधलं?"

"कुणीच नाही."

"मंग आलं कुठून?"

"तुम्हीच सांगा, जन्म कलमांत गेला तुमचा."

ते कठड्यापाशी खालीच बसले. म्हणाले, "म्या न्हाई सांगत. गावात येडा म्हणतील." मी डबी उघडून दाखवली. जुना गोळा तिथेच होता, मिरीसारखा काळा.

शेतकी कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना बोलावलं. ते म्हणाले, "मॅडम, कुंड्यांची अदलाबदल झाली असेल."

"माझ्याकडून? नंबर घातलेल्या कुंड्यांची?"

त्यांनी एकदा आकड्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चहा मागितला.  

आता त्या गोळ्याला चार पिल्लं आली आहेत. रखमाजी बघायला येतात, पाहुणेही आणतात. गेल्या रविवारी तू विचारलंस तेव्हा मी फोनचा कॅमेरा उघडला आणि तो थेट कुंडीसमोर धरला.

झाडांची माझी वही तुम्हाला माहीत आहे. त्यात 'कारण' नावाचा एक रकाना आहे. तीन नंबरपुढे तो मी कोरा ठेवला आहे. शेजारी, 'स्थिती' या रकान्यात, शाईने ठळक लिहिलं आहे — बरा आहे.