पलूसला न निघालेली गाडी

भूतबित मी मानत नाही, हे आधीच सांगतो. वीस वर्षं लष्करात गाड्या दुरुस्त केल्या, आता साताऱ्यात एमआयडीसीच्या रस्त्याला माझं छोटं गॅरेज आहे. गाडी सुरू होत नाही म्हणून बंपरला लिंबू-मिरची बांधून आलेलं गिऱ्हाईक दिसलं की माझं डोकं फिरतं. पहिल्यांदा मी ते लिंबू तोडून फेकतो, मग पाना हातात घेतो. इथे लोक भुताचे अनुभव लिहितात... अमावस्या, वडाचं झाड, पांढऱ्या साडीतली बाई... वाचून हसू येतं. माझ्या अनुभवात साडी आहे, पण बाई नाही. आणि ऊन असं होतं की बॉनेटला हात लावला तर चटका बसत होता.

गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही — हा फॉल्ट सगळ्यात हरामखोर. पूर्ण बंद पडलेली गाडी परवडली, तिचं दुखणं जागेवर सापडतं. हा फॉल्ट मात्र गिऱ्हाइकाच्या दारात असतो आणि गॅरेजमध्ये आणला की गायब. भूत आणि लूज कनेक्शन, दोन्ही बघायला गेलं की दिसत नाहीत, असं मी लोकांना चेष्टेनं सांगायचो. आता सांगत नाही.

तर माझा मेव्हणा विलास, कुंडलला शेती करतो. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या नावावर विहिरीजवळचं उसाचं रान होतं. वारस दोघंच — विलास आणि त्याची थोरली बहीण सुनंदा, म्हणजे माझी बायको. वर्षश्राद्धही झालं नव्हतं, तोवर विलासनं हक्कसोडीचा विषय काढला. आमच्याकडची रीत अनेकांना माहीत असेल. बहिणीनं रजिस्टर ऑफिसात जाऊन सही करायची, आईबापाच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि भावानं तिच्या हातात एक साडी ठेवायची. झालं! मला या रीतीची पहिल्यापासून शिसारी आहे. मी सुनंदाला तसं म्हणालोही.

"रान घिऊन काय करू मी?" ती म्हणाली. "सही न्हाई केली तर त्या दारात परत पाऊल टाकता यायचं न्हाई. मला म्हायेर पायजे."

मी विषय तिथंच सोडला. 

मग एक दिवस विलासचा फोन. "दाजी, गाडी लय तरास देतीया. कवा सुरू हुती, कवा न्हाई. सांगलीला दाखवली. डिकी मोकळी करून त्यांच्या ताब्यात दिली, तर तितं एका सेल्फात चालू! चार दिस ठिवून घेतली, काय सापडंना. घरी आणली, सामान भरलं, आक्काला आणायला निघालो, तर परत बंद. तुमीच या आक्काला घिऊन. गाडीबी बघा, आन पलूसच्या हापिसात जाऊन सहीबी उरकू."

म्हणजे बायकोला हक्क सोडायला न्यायची गाडी मीच दुरुस्त करायची. बघा नशीब! तरी हत्यारांची पेटी डिकीत टाकली आणि आमच्या गाडीनं कराडवरून कुंडलला पोचलो.

चहा झाला. विलासनं तोंड भरून "दाजी, दाजी" केलं. मी बॉनेट उघडलं. बॅटरी उत्तम, टर्मिनल घट्ट, अर्थची वायर नीट. किल्ली फिरवली, चालू. बंद केली, परत फिरवली, परत चालू. कितीदा तरी केलं. "काही झालेलं नाही हिला," मी म्हणालो. सगळे बसले. विलासच्या बायकोनं, मंगलनं, डिकीत एक कापडी पिशवी ठेवली आणि तीही मागे बसली. विलासनं किल्ली फिरवली.

काही नाही. डॅशबोर्डचे दिवे लागले, पण सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारा स्टार्टर, मुका. टक असासुद्धा आवाज नाही.

मी खाली उतरलो. सेल्फला करंट सोडणारा रिले बदलून पाहिला. शेवटी बॅटरीपासून सेल्फला सरळ जाड वायर लावली. आता यातलं ज्यांना कळतं त्यांना सांगतो, एवढं केल्यावर चांगला सेल्फ फिरतोच, मधल्या कुठल्याच वायरीचा संबंध उरत नाही. फिरला नाही. जळकट वास येतोय का म्हणून आत डोकं घातलं, तर अबीर-उदबत्तीचा वास आला.

"कसला घाणेरडा परफ्यूम लावलास रे गाडीत?"

"परफ्यूम कुटला, दाजी? काय न्हाई लावलं."

विलासची घाई चाललेली. "हापिस बंद व्हईल. तुमच्या गाडीनं जाऊया." पिशवी माझ्या डिकीत आली, सगळे माझ्या गाडीत बसले. ही गाडी मी माझ्या हातानं सांभाळतो, थोड्या वेळापूर्वी तिनंच आम्हाला साताऱ्याहून आणलेलं. किल्ली फिरवली... मुकी! मेव्हण्यासमोर माझी गाडी बंद पडावी? मला त्याच्यापेक्षा गाडीचाच जास्त राग आला.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. फॉल्ट लपत असेल तर एका वेळी एकच गोष्ट काढायची आणि सेल्फ मारून बघायचा. मी आधी माणसं काढली. विलास उतरला, मंगल उतरली, सुनंदा उतरली. गाडी बंदच. मग डिकी रिकामी करायला घेतली. हत्यारांची पेटी काढली, नाही. पाण्याचा कॅन, नाही. पिशवीला हात घातला तर मंगल पुढे आली. "त्यात काय न्हाई, दाजी. वन्संची साडी हाय. सही झाल्यावर द्यायची."

पिशवी पायरीवर ठेवली. किल्ली फिरवली. चालू!

परत डिकीत ठेवली. बंद. काढली, चालू. विलासच्या गाडीत ठेवली, त्याची बंद, माझी चालू. तिथून काढली, दोन्ही चालू. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

सुनंदा इतका वेळ बघत उभी होती. "आण हिकडं ती पिशवी," ती म्हणाली.

"अगोदर न्हाई द्यायची, वन्सं. सही झाल्यावर वटी भरून..."

सुनंदानं पिशवी ओढूनच घेतली. आत दुकानाचा नवा खोका, त्यात वांगी रंगाची साडी, कडक इस्त्री केलेली. तिनं काठ उलटा केला आणि फॉलवरून बोट फिरवत गेली. शेवटच्या वीतभर टाक्यांना दोरा निळा होता.

सासूबाई मिरजेला दवाखान्यात होत्या तेव्हा त्यांच्यासाठी घेतलेली साडी ही. फॉल सुनंदानं घरी लावला होता, रंगाचा दोरा संपला म्हणून शेवटी निळा वापरला होता. सासूबाई दवाखान्यातच गेल्या, घरी आल्या त्या आडव्याच. ती साडी सुनंदानं त्यांच्या अंगावर घातली, आमच्या सगळ्यांच्या देखत. एक घडी उलगडली, तर आत अजून त्या दिवशीचा चिमूटभर अबीर होता.

"विलास, ही मी आईच्या मड्यावर घातलती."

तो क्षणभर गडबडला. मग म्हणतो, "आवं आक्का, लय साड्या जमल्या हुत्या. समद्या जाळत्यात व्हय? नवीकोरी हुती. वाया कशाला घालवायची?"

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा, असं आपण सहज बोलून जातो. मी तो माणूस समोर उभा पाहिला. आणि त्याची बायको मान डोलावत होती!  मी कुंपणाशी जाऊन थुंकलो, तरी त्यांच्या चहाची चव तोंडातून जाईना.

सुनंदा रडली नाही. साडीची घडी घातली, ती मांडीवर घेतली आणि माझ्या शेजारी पुढच्या सीटवर बसली. "चला," म्हणाली. मी किल्लीला हात लावायलाच घाबरत होतो. साडी आतच होती ना! फिरवली... एका सेल्फमध्ये चालू. थेट साताऱ्यात येऊन थांबलो.

नंतर मी ती साडी डिकीत ठेवून पाहिली, सीटवर ठेवून पाहिली, गॅरेजला आलेल्या दुसऱ्या गाड्यांतही ठेवून पाहिली. सगळ्या गाड्या बिनतक्रार सुरू. कुणी म्हणेल, आईचा आत्मा. अहो, ती बाई जिवंतपणी कुणाला उलट बोलली नाही, ती गाड्या कशाला अडवेल? कुणी म्हणेल, योगायोग. एवढ्या वेळा? सरळ वायर लावूनही?  तुमच्यात कुणी ऑटो इलेक्ट्रिशियन असेल तर सांगा, मी मोकळ्या मनानं ऐकेन.

परवा विलासचा फोन आला. सुनंदा मेथी निवडत होती, म्हणून स्पीकरवर लावला.

"आक्का, झालं गेलं सोड की. दुसरी भारी साडी घेतो. गाडीबी आता झकास चालतीया. कवा येतीस पलूसला?"

"मी कशाला? तूच ये," सुनंदा म्हणाली. मेथी निवडणं चालूच होतं. "तुझी गाडी घिऊन ये. आईची साडी मांडीवर घिऊन बसते मी. पलूसला जायाला सुरू झाली, तर करते सही."

 विलास "बघतो" म्हणाला आणि फोन ठेवला. अजून तरी आलेला नाही.